काम घरी, कर न्यूयॉर्कला

पुण्यात किंवा नाशिकला घरी बसून बंगळुरूच्या कंपनीचं काम करणाऱ्याला आयकर कुठल्या राज्याला भरायचा, हा प्रश्न कधी पडत नाही. शेतीखेरीज इतर उत्पन्नावर आयकर लावायचा अधिकार आपल्या घटनेने फक्त केंद्राला दिला आहे. राज्य आपल्या पगारातून घेतं तो व्यवसाय कर, आणि तोही वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही, कारण ती मर्यादा घटनेच्या २७६व्या कलमातच घातलेली आहे. सॅलरी स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तेवढाच काय तो संबंध.

अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. केंद्राचा आयकर भरून झाला की बहुतेक राज्यांचा स्वतःचा आयकर असतो आणि त्याचे दर, नियम, फॉर्म सगळं त्या त्या राज्याचं. न्यूयॉर्क राज्याचा सर्वांत वरचा दर १०.९ टक्के आहे. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी अशा राज्यांत पगारावर राज्याचा कर शून्य. न्यू जर्सीतल्या एडिसन, आयसेलिन, पिस्काटवे, जर्सी सिटी या भागांत हजारो मराठी कुटुंबं राहतात आणि त्यांतल्या अनेकांची नोकरी नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये असते. आठवड्यातले दोन-तीन दिवस ट्रेनने ऑफिस, उरलेले दिवस घरून काम, अशी आता बहुतेकांची घडी बसली आहे. घरून काम केलेल्या दिवसांच्या पगारावर कर कोणत्या राज्याने घ्यायचा? उत्तर सरळ असायला हवं होतं. ते तसं नाही, आणि त्यात नोकरदारावर अन्याय होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी मूळ पद्धत समजून घेऊ. राज्याला कर लावायचा हक्क दोन कारणांनी मिळतो. पहिलं कारण म्हणजे तुम्ही तिथले रहिवासी आहात. मग तुमचं जगभरातलं सगळं उत्पन्न त्या राज्याच्या कक्षेत येतं. दुसरं कारण म्हणजे तुम्ही रहिवासी नाही, पण त्या राज्यात येऊन कमावलं. मग फक्त तिथे कमावलेल्या भागावर कर. एकाच पगारावर दोघांचा हात पडू नये म्हणून राहतं राज्य ‘क्रेडिट’ देतं: तिकडे भरलेला कर इकडच्या करातून वजा. हे गणित सहसा बरोबर जुळतं.

आकड्यांत पाहू. समजा, एकीचा पगार दीड लाख डॉलर आहे. वर्षात कामाचे दिवस २४०. त्यांतले ९६ तिने मॅनहॅटनच्या ऑफिसात काढले आणि १४४ शेजारच्या राज्यातल्या स्वतःच्या घरी. हिशेब सोपा राहावा म्हणून दोन्ही राज्यांचा दर सरसकट ६ टक्के धरू. काम जिथे झालं तिथे कर, या न्यायाने न्यूयॉर्कला पगाराचा ४० टक्के भाग, म्हणजे ६०,००० डॉलर मोजता येतात आणि त्यावर ३,६०० डॉलर कर. राहत्या राज्याचा पूर्ण पगारावरचा कर ९,०००. त्यातून ३,६०० चं क्रेडिट वजा होऊन उरले ५,४००. दोन्हीकडे मिळून ९,०००. कुणाचीच तक्रार नाही.

न्यूयॉर्क मात्र असा हिशेब करत नाही. तिथे एक नियम आहे, त्याला सगळे ‘कन्व्हीनियन्स रूल’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या मालकाकडे नोकरी करणारा माणूस काही काम राज्यात आणि काही बाहेर करत असेल, तर बाहेरचे दिवस वगळून मिळतात फक्त एका अटीवर: ते काम मालकाच्या गरजेपोटी बाहेर करावं लागलं असलं पाहिजे. नोकराच्या सोयीसाठी बाहेर केलं असेल, तर तो दिवस न्यूयॉर्कमध्येच काम केल्याचा दिवस धरला जातो. म्हणजे वरच्या उदाहरणात ती १४४ दिवस आपल्या घरच्या टेबलावर बसलेली असली, तरी न्यूयॉर्कच्या कागदावर ती मॅनहॅटनमध्ये होती. मग न्यूयॉर्क पूर्ण दीड लाखावर ९,००० डॉलर घेतं.

आता पुढचं सगळं राहत्या राज्यावर अवलंबून. त्या राज्याने ‘भरलाय ना तिकडे, मग आम्ही सोडतो’ असं म्हटलं, तर नोकरदाराचं नुकसान नाही. नुकसान त्या राज्याच्या तिजोरीचं. पण ते राज्य म्हणालं की ‘ते १४४ दिवस तुम्ही आमच्या हद्दीत काम केलंत, न्यूयॉर्कने त्यावर कर लावायलाच नको होता, त्याचं क्रेडिट आम्ही का द्यावं?’, तर तिथलेही ५,४०० डॉलर भरावे लागतात. एकूण १४,४००. त्याच पगारावर, त्याच कामावर ५,४०० डॉलर दोनदा. आणि दोन्ही राज्यं आपापल्या कायद्याने बरोबर!

हे कागदोपत्री घडणारं उदाहरण नाही. एडवर्ड झेलिन्स्की हे करकायद्याचे प्राध्यापक कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला राहतात आणि मॅनहॅटनमधल्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये शिकवायचे. आठवड्यातले काही दिवस वर्गासाठी न्यूयॉर्कला जायचं आणि बाकीचे दिवस घरी बसून लेखन, संशोधन, पेपर तपासणं. १९९४ आणि १९९५ या वर्षांसाठी त्यांनी पगार दिवसांप्रमाणे वाटून दाखवला. न्यूयॉर्कने पूर्ण पगारावर कर मागितला. कनेक्टिकटने घरच्या दिवसांसाठी क्रेडिट नाकारलं. ते न्यायालयात गेले. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्याचं नाव कोर्ट ऑफ अपील्स, निकाल त्यांच्या विरुद्ध दिला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

त्यानंतर, २००५ मध्ये, थॉमस हकबी यांचा निकाल आला. हकबी हे संगणक प्रोग्रामर. राहायला टेनेसीत, मालक न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये. साधारण एक चतुर्थांश वेळ ते न्यूयॉर्कला येऊन काम करत, बाकी तीन चतुर्थांश टेनेसीतून. तेवढ्या चतुर्थांशावर कर भरायला त्यांची ना नव्हती. न्यूयॉर्कने शंभर टक्के पगारावर मागितला आणि चार विरुद्ध तीन मतांनी जिंकलं. टेनेसीत पगारावर कर नसल्याने इथे ‘दुहेरी’ असं काही नव्हतं, पण ज्या राज्याने कर घ्यायचा नाही असं ठरवलं आहे, तिथे केलेल्या कामावर दुसरंच राज्य कर घेऊन जातं, हे मला दुहेरी कराइतकंच वाईट वाटतं.

मालकाची गरज आणि नोकराची सोय यांतली रेषा कोण ठरवतं? २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या कर खात्याने एक परिपत्रक काढलं. घरातलं ऑफिस हे मालकाचं खरंखुरं ऑफिस आहे असं सिद्ध झालं, तर तिथले दिवस न्यूयॉर्कचे धरले जाणार नाहीत, असं त्यात आहे. ऐकायला चांगलं वाटतं. पण निकष वाचून पाहा. पहिला आणि सर्वांत भक्कम निकष म्हणजे घराजवळ अशी खास सुविधा असावी, जी मालकाच्या न्यूयॉर्कच्या ऑफिसजवळ नाही. खात्यानेच दिलेलं उदाहरण नव्या गाड्यांची चाचणी घेण्याच्या ट्रॅकचं आहे! बँकेत रिस्क मॉडेल बनवणाऱ्या किंवा कोड लिहिणाऱ्या माणसाच्या घराजवळ कसला ट्रॅक असणार?

तो निकष बसत नसेल तर दुसरा मार्ग: सहा दुय्यम निकषांपैकी किमान चार आणि त्याशिवाय आणखी दहांपैकी किमान तीन पूर्ण करा. सहांमध्ये काय आहे? घरून काम ही नोकरीची अटच असणं, घराच्या जागेमागे मालकाचा व्यावसायिक हेतू असणं, ग्राहकांना नियमितपणे घरच्या ऑफिसात भेटणं, मालकाने आपल्या ऑफिसात तुम्हाला ठरावीक जागा न देणं, घरच्या ऑफिसाचा खर्च मालकाने भरून देणं. दहांमध्ये तर घराबाहेर कंपनीची पाटी असणं, व्हिजिटिंग कार्डावर घरचा पत्ता असणं, घरच्या ऑफिससाठी वेगळी फोन लाइन असणं, कंपनीचा माल घरी साठवणं अशा गोष्टी आहेत. एडिसनच्या टाउनहाउसबाहेर वॉल स्ट्रीटवरच्या बँकेची पाटी लावून दाखवा, मग बोलू, असा हा प्रकार. आठवड्यातून दोनदा ऑफिसला जाणाऱ्याला तिथे डेस्क असतंच, त्यामुळे एक निकष तिथेच गेला. साध्या पगारदार माणसाला या चाळणीतून पार होणं जवळपास अशक्य आहे.

न्यूयॉर्कची बाजूही ऐकायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही. नियम जुना आहे, लॅपटॉपच्या आधीचा. मॅनहॅटनच्या ऑफिसात काम करणारा अधिकारी उपनगरातल्या घरी शनिवारी दोन फायली चाळायचा आणि तो दिवस ‘बाहेरच्या कामाचा’ म्हणून दाखवून कर वाचवायचा. घरात खरंच काम झालं की नाही, हे तपासणार कसं? म्हणून सरसकट नियम केला. दुसरा मुद्दा असा की नोकरी, बाजारपेठ, कंपनीची घडी हे सगळं न्यूयॉर्कने उभं केलं. पगार त्याच जिवावर मिळतो.

पहिल्या मुद्द्यातला दम आता गेला आहे. ऑफिसच्या दाराशी कार्ड स्वाइप होतं, लॅपटॉप कुठून जोडला हे कंपनीच्या नोंदीत असतं. कोण कुठल्या दिवशी कुठे होता हे १९७० पेक्षा आज कितीतरी सहज कळतं. चार जण खोटे दिवस दाखवत असतील, तर त्यांना पकडावं. त्यासाठी लाखो प्रामाणिक माणसांचे खरे दिवस खोटे ठरवायचं कारण नाही. दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर घराच्या दारातच आहे. ती १४४ दिवस ज्या गावात बसून काम करते, तिथल्या रस्त्यावरचा बर्फ तिथलीच पालिका काढते, तिची मुलं तिथल्या शाळेत जातात, घराला आग लागली तर तिथलाच बंब येतो. न्यूयॉर्कची कंपनी न्यूयॉर्कला स्वतःचा कर भरतेच. कंपनीने तिथून कमावलं, त्यावर कंपनीने भरलं. माणसाने इथे राबून कमावलं, त्यावर कर इथेच जायला हवा.

कोविडच्या काळात या नियमाचं खरं रूप सगळ्यांना दिसलं. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांच्याच आदेशाने अत्यावश्यक नसलेली ऑफिसं बंद झाली. ऑफिसला जायलाच बंदी होती. तरी त्याच वर्षी कर खात्याने सांगितलं की या काळात घरून केलेलं काम न्यूयॉर्कच्याच दिवसांत मोजायचं, मालकाने तुमच्या घरी रीतसर ऑफिस थाटलं असेल तरच अपवाद. सरकारने दार बंद केलं आणि तेच सरकार म्हणालं, घरी बसलात ती तुमची सोय. माझ्या मते या नियमाविरुद्ध याहून मोठा पुरावा शोधायची गरज नाही.

झेलिन्स्की पुन्हा उभे राहिले, या वेळी २०१९ आणि २०२० या वर्षांसाठी. मधल्या काळात एक महत्त्वाची गोष्ट झाली होती. २०१५ मध्ये मेरीलँडमधल्या विन दांपत्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं की बाहेरच्या राज्यांत कमावलेल्या आणि तिथे कर भरलेल्या उत्पन्नावर पुरेसं क्रेडिट न देता पुन्हा कर घेणं घटनेत बसत नाही, कारण त्यामुळे राज्याबाहेर जाऊन कमावणाऱ्याला आतल्यापेक्षा जास्त बोजा पडतो. या निकालामुळे झेलिन्स्कींच्या बाजूला बळ आलं असं अनेकांना वाटलं. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कर न्यायाधीशांनी आणि २०२५ मध्ये तिथल्या टॅक्स अपील्स ट्रिब्युनलने त्यांचा दावा फेटाळला.

राज्यांनीही एकमेकांना कोर्टात खेचून पाहिलं. कोविडमध्ये मॅसॅच्युसेट्सने तात्पुरता असाच नियम केला: आधी आमच्याकडे कामाला येत होता ना, मग आता घरून करत असाल तरी कर आमचा. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये पगारावर कर नाही. तिथले हजारो लोक रोज सीमा ओलांडून बॉस्टनकडे जात असत. ते घरी बसले तरी कर चालूच राहिला. न्यू हॅम्पशायर ऑक्टोबर २०२० मध्ये थेट सुप्रीम कोर्टात गेलं, कारण दोन राज्यांमधला वाद तिथेच दाखल करता येतो. न्यू जर्सी, कनेक्टिकट यांनी पाठिंब्याचं निवेदन दिलं. केंद्र सरकारने प्रकरण घेऊ नका असा सल्ला दिला आणि जून २०२१ मध्ये कोर्टाने ते घेतलं नाही. थॉमस आणि अलीटो हे दोनच न्यायमूर्ती ऐकायला तयार होते. हा प्रश्न तेव्हा निकाली निघाला असता. नकाराने सगळं जिथल्या तिथे राहिलं.

मग न्यू जर्सीने वेगळा मार्ग धरला. आपल्या रहिवाशांना न्यूयॉर्कच्या कराचं क्रेडिट न्यू जर्सी पहिल्यापासून देत आली आहे, त्यामुळे तिथल्या मराठी कुटुंबांना सहसा दोनदा भरावं लागत नाही. पण क्रेडिट आपल्या इथल्या कराइतकंच मिळतं. न्यूयॉर्कचा कर ८,००० आणि न्यू जर्सीचा ६,००० निघाला, तर क्रेडिट ६,००० चं. खिशातून जातात ८,०००. आणि न्यू जर्सीला त्या पगारावर छदामही मिळत नाही. जुलै २०२३ मध्ये न्यू जर्सीने जशास तसा कायदा केला: ज्या राज्यांत कन्व्हीनियन्स रूल आहे, तिथल्या रहिवाशांना आम्हीही तोच लावू. कनेक्टिकटने असाच कायदा आधीच केला होता. पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, नेब्रास्का यांच्याकडेही वेगवेगळ्या रूपांत हा नियम आहे. आर्कान्सॉने मात्र २०२१ मध्ये तो रद्द केला.

जशास तसा कायदा करून भांडण मिटत नाही. न्यू जर्सीच्या कंपनीसाठी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून काम करणारा माणूस आता तसाच अडकतो, आणि त्याने तर काहीच केलेलं नाही. मिटवायचं ठरवलं तर शेजारी राज्यांना ते जमतं, हे याच न्यू जर्सीने दाखवलं आहे. पेनसिल्व्हेनियाशी तिचा १९७०च्या दशकापासून करार आहे: फिलाडेल्फियात राहणाऱ्याने न्यू जर्सीत नोकरी केली तरी पगारावरचा राज्य आयकर पेनसिल्व्हेनियालाच, आणि उलटही तसंच. एका फॉर्मवर काम होतं.

न्यूयॉर्क असा करार स्वतःहून करणार नाही, कारण त्यात त्याचा तोटाच आहे. म्हणून खरा उपाय अमेरिकन काँग्रेसच्या हातात आहे, आणि काँग्रेसने असं पूर्वी केलेलं आहे. कॅलिफोर्निया आपल्याकडून निवृत्त होऊन नेवाडात गेलेल्या लोकांच्या पेन्शनवर कर मागत असे; १९९६ च्या कायद्याने राज्य सोडून गेलेल्यांच्या पेन्शनवर जुन्या राज्याने कर लावणं बंद झालं. अनेक राज्यांतून धावणाऱ्या रेल्वे आणि ट्रकवरच्या कर्मचाऱ्यांच्या पगारावर फक्त राहतं राज्यच कर लावू शकतं, हाही केंद्राचाच कायदा. घरून काम करणाऱ्यांसाठीचं विधेयक कनेक्टिकटचे खासदार क्रिस्टोफर डॉड आणि क्रिस्टोफर शेज यांनी २००४ मध्ये मांडलं. पुढे त्याच राज्याच्या जिम हाइम्स आणि रिचर्ड ब्लूमेंथाल यांनी पुन्हा मांडलं. मागणी एवढीच की माणूस ज्या राज्यात प्रत्यक्ष हजर असेल तिथलं काम तिथलं मानावं. ते मंजूर झालेलं नाही.

आपल्याकडच्या घरांना लागू पडणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. न्यू जर्सीत राहणारा आणि न्यूयॉर्कच्या कंपनीत असलेला मुलगा आईवडिलांकडे पुण्याला येतो आणि सुट्टी संपल्यावर महिनाभर तिथूनच काम करतो. ते दिवस भारतातले असल्याने न्यूयॉर्कच्या हिशेबातून सुटले, असा अनेकांचा समज असतो. सुटत नाहीत. नियमाच्या दृष्टीने पुणे आणि एडिसन सारखेच: दोन्ही ‘सोयीसाठी’. भारत–अमेरिका दुहेरी कर टाळण्याचा करार इथे मदतीला येत नाही, कारण अमेरिकेच्या बाजूने तो फक्त केंद्राच्या आयकराला लागू आहे. राज्यं त्याने बांधलेली नाहीत. भारताच्या बाजूने मात्र त्या कराराचा उपयोग होतो: आर्थिक वर्षातला मुक्काम १८३ दिवसांच्या वर गेला नसेल, मालक भारतीय नसेल आणि पगाराचा बोजा त्याच्या भारतातल्या कुठल्या शाखेवर पडत नसेल, तर त्या पगारावर भारतात कर लागत नाही.

मग आज हातात काय आहे? वर्षअखेरीला मालकाकडून मिळणाऱ्या पगाराच्या दाखल्यावर, म्हणजे डब्ल्यू-२ वर, राज्यासमोरच्या चौकटीत पूर्ण पगार न्यूयॉर्कचा म्हणून दिसतो. त्यावरून सगळे दिवस न्यूयॉर्कचे ठरत नाहीत. मालकाने कामासाठी शिकागोला पाठवलं, ग्राहकाच्या ऑफिसात बसवलं, ते दिवस गरजेचे आहेत आणि नॉन-रेसिडेंट रिटर्न, म्हणजे आयटी-२०३ भरताना वगळता येतात. पुष्कळ जण तेही वगळत नाहीत, आणि हक्काचे पैसे सोडून देतात. त्यासाठी वर्षभराचं कॅलेंडर, प्रवासाची तिकिटं, मालकाचे ईमेल जपून ठेवावेत. खात्याचं पत्र आलं तर हेच दाखवावं लागतं.

घरच्या दिवसांसाठी झगडायचं असेल तर सुधारित रिटर्न भरून रिफंड मागता येतो. रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं किंवा कर भरल्यापासून दोन, यांतली नंतरची मुदत त्याला आहे. खातं नाकारणार हे धरूनच चालावं, पण मुदतीत मागणी केलेली असली तर उद्या कुणी मोठ्या न्यायालयात जिंकल्यास आपलं वर्ष हातचं जात नाही. न्यूयॉर्ककडून रिफंड मिळाला तर न्यू जर्सीतलं क्रेडिट तेवढं कमी होतं आणि तिथे कर भरावा लागतो. अशा वाढलेल्या कराच्या ५० टक्के रक्कम लढून जिंकणाऱ्या रहिवाशाला परत द्यायची तरतूद न्यू जर्सीने २०२३ च्या त्याच कायद्यात केली आहे. ती कोणत्या वर्षांच्या कराला लागू आहे, हे मात्र अर्ज करण्याआधी आपल्या सीपीएकडून, म्हणजे तिथल्या सीएकडून, तपासून घ्यावं.